दहा टक्क्यांचा फवारा गडद का होतो? स्प्रे ब्रश आणि पारदर्शक लेयरमागचं गणित

ब्रशचा जोर १० टक्क्यांवर ठेवला, हातही हलका ठेवला, तरी चार फटकाऱ्यांत रंग गडद होतो आणि आणखी दोन मारले की चित्र मळतं. संगणकावर किंवा मोबाइलवर रंगवायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे अडतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटपर्यंत पोस्टर कलर हाताळलेली मुलं अडतात. जळगाव-धुळ्याच्या फ्लेक्सच्या दुकानांत दिवसभर फोटोशॉप चालवणारेही अडतात, कारण त्यांना फोटो कापून लावायची सवय असते, रंगवायची नसते. श्रावणात खानदेशात कानबाईचा उत्सव येतो, पाठोपाठ गणपती येतात, कुणाला स्वतः रंगवलेल्या चित्राचं बॅनर करून हवं असतं आणि हा प्रश्न एकदम समोर उभा राहतो.

बहुतेक व्हिडिओंत ‘सॉफ्ट ब्रश घ्या, हळूहळू शेड द्या’ इतकंच सांगतात. ते पुरत नाही. हळूहळू दिला तरी रंग साचतोच, आणि तो का साचतो हे कळेपर्यंत फवारा ताब्यात येत नाही. यातलं गणित शाळेतल्या टक्केवारीच्या पुढे जात नाही, म्हणून इथे ते आकड्यांसकट मांडलं आहे.

## पारदर्शक म्हणजे किती?

पडद्यावरचं चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग तीन आकड्यांत लिहिलेला असतो: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ० ते २५५. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला चौथा आकडा जोडलेला असतो, त्याचं नाव अल्फा. अल्फा ० असेल तर तो पिक्सेल पूर्ण पारदर्शक, २५५ असेल तर खालचं पूर्ण झाकणारा, आणि मधे असेल तर त्या प्रमाणात अर्धवट. संगणक-चित्रांवर संशोधन करणाऱ्या एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा चौथा आकडा आणला. पुढे १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र ठेवल्यावर काय दिसायला हवं याचे नियम लिहून काढले. क्रिटा घ्या, फोटोशॉप घ्या, प्रोक्रिएट किंवा आयबिस पेंट घ्या, मुळात तेच नियम चालतात.

लेयर म्हणजे अशा चार आकड्यांच्या पिक्सेलचा, कॅनव्हासच्या मापाचा एक पूर्ण संच. नवा लेयर उघडला की त्यातल्या सगळ्या पिक्सेलचा अल्फा ० असतो. म्हणून तो ‘रिकामा’ दिसतो.

नियम असा: वरचा रंग जितके टक्के, तितका तो घ्यायचा आणि उरलेले टक्के खालच्याला द्यायचे. वर ३० टक्के लाल असेल तर दिसणाऱ्या रंगात ३० भाग लाल आणि ७० भाग खालचं. आता त्याच जागी पुन्हा ३० टक्के लाल मारला, तर तो उरलेल्या ७० मधले ३० टक्के घेतो, म्हणजे २१. एकूण लाल ५१ झाला, ६० नाही. तिसऱ्या वेळी उरलेल्या ४९ मधले ३० टक्के जातात आणि आकडा ६५ च्या वर पोचतो. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. दर वेळी खालचं जे उरलंय त्याचा हिस्सा कापला जातो. सुरुवातीचे फटकारे खूप बदल घडवतात, नंतरचे थोडा, हे यातूनच येतं. आणि तेवढ्याचसाठी नवशिक्याला पहिल्या तीन-चार फटकाऱ्यांत काय झालं ते कळतच नाही.

## स्प्रे ब्रश म्हणजे छापांची रांग

पडद्यावर पेन ओढला की सलग रेघ दिसते, पण सॉफ्टवेअर रेघ काढत नाही. ते ब्रशच्या टोकाचा एक गोल छाप मारतं, थोडं पुढे सरकतं, दुसरा छाप मारतं. दोन छापांमधल्या अंतराला स्पेसिंग म्हणतात आणि ते ब्रशच्या व्यासाच्या टक्क्यांत मोजतात. व्यास १०० पिक्सेल आणि स्पेसिंग १० टक्के, म्हणजे दर १० पिक्सेलला एक छाप. याचा अर्थ रेघेच्या मधल्या कुठल्याही बिंदूवर साधारण १० छाप एकावर एक पडतात.

प्रत्येक छाप १० टक्क्यांचा असेल तर वरच्या नियमाने खालचं उरतं ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. पडलेला रंग ६५ टक्के! तुम्ही फ्लोच्या, म्हणजे एका छापाच्या जोराच्या, स्लायडरवर १० वाचता आणि एकाच फटकाऱ्यात कागदावर ६५ बसतो. स्पेसिंग २५ टक्के केलं तर एका बिंदूवर चारच छाप येतात आणि रंग ३४ टक्क्यांच्या आसपास थांबतो. हा हिशोब कडक कडेच्या ब्रशचा आहे. मऊ ब्रशचा छाप मध्यापासून कडेकडे विरळ होत जातो, म्हणून त्याचे आकडे थोडे कमी भरतात, पण चाल तीच.

कपाशीवर पाठीवरच्या पंपाने फवारणी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नोझल तेच, औषध तेच, पण पाय रेंगाळला की त्या झाडावर जास्त बसतं आणि पान ठिबकायला लागतं. ब्रशमधला फ्लो म्हणजे नोझलची धार आणि स्पेसिंग म्हणजे चालण्याचा वेग. ब्रशला ‘एअरब्रश’ किंवा ‘बिल्ड-अप’ पर्याय चालू केला, की पेन एका जागी टेकवून ठेवला तरी छाप पडतच राहतात, उभं राहून फवारल्यावर होतं तसंच.

स्प्रे या नावाखाली दोन वेगळे ब्रश येतात, तेही ओळखून ठेवा. एक मऊ, धुरकट गोल छापाचा, ज्याला बहुतेक ठिकाणी ‘सॉफ्ट एअरब्रश’ म्हणतात. दुसरा सुटे कण उडवणारा. क्रिटामध्ये कणांच्या ब्रशचं वेगळं इंजिनच आहे आणि त्यात कणांची संख्या, त्यांचा आकार, ते किती विखुरले जावेत हे ठरवता येतं. गोलाई आणि धुकं पहिल्याने करायचं. धूळ, खडबडीत भिंत, नंदुरबारच्या पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचा दुरून दिसणारा पोत, हे दुसऱ्याने. मऊ ब्रशने पोत काढू पाहणं हा फुकट जाणारा वेळ आहे.

## ओपॅसिटी आणि फ्लो, दोन्ही कशाला?

पंपाला न लागू होणारी एक गोष्ट इथे आहे, ती म्हणजे ओपॅसिटी. फ्लो हा एका छापाचा जोर आणि ओपॅसिटी ही एका फटकाऱ्याची कमाल मर्यादा. ओपॅसिटी ३० आणि फ्लो १०० ठेवून पेन न उचलता पुढे-मागे कितीही घासलं, तरी रंग ३० टक्क्यांच्या वर जात नाही. पेन उचलून पुन्हा टेकवला की नवा फटकारा सुरू होतो आणि मग ५१. उलट ओपॅसिटी १०० आणि फ्लो १० ठेवला, तर पेन न उचलताही रंग साचत साचत पूर्ण गडद होतो.

नवशिक्यांचा घोळ नेमका इथेच होतो. ‘हलका’ फवारा हवा म्हणून ते फ्लो कमी करतात, ओपॅसिटी १०० वर राहते आणि हात मागे-पुढे फिरत राहतो. शिकताना उलट करा. फ्लो १००, ओपॅसिटी २० ते ३०. म्हणजे प्रत्येक फटकारा मोजता येतो आणि दोनाचे तीन झाले की कळतं. हात बसल्यावर फ्लोकडे वळा, कारण पेनच्या दाबाबरोबर बारीक चढ-उतार फ्लोच देतो.

क्रिटामध्ये ब्रशच्या सेटिंगमध्ये ‘वॉश’ आणि ‘बिल्ड अप’ असे दोन प्रकार दिसतात. मर्यादा पाळणारा प्रकार वॉश. ‘माझ्याकडे ओपॅसिटी ३० असूनही गडद होतं’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. फोटोशॉपमध्ये ब्रश हातात असताना ४ हा आकडा दाबला की ओपॅसिटी ४० होते, शिफ्टसह दाबला की फ्लो. एअरब्रशचं बटण चालू असेल तर मात्र या दोन्हींची अदलाबदल होते. आकडा दाबला आणि भलताच स्लायडर हलला, असं त्यामुळे वाटतं.

## एकाच लेयरवर काम होत नाही का? जुने पेंटर कुठे लेयर वापरायचे?

होतं. पण खऱ्या एअरब्रशने काम करणारेही उघड्या कागदावर फवारत नसत. चिकटणारी पातळ फिल्म लावायची, हवा तेवढाच भाग कापून उघडा करायचा आणि मग फवारायचं, ही त्यांची रीत होती. फवाऱ्याला स्वतःची कड नसते, ती बाहेरून द्यावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये ती कड लेयर देतो. माझ्या मते या सगळ्या विषयात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच असेल तर ती ही: आधी कडक कडेचा आकार, मग त्याच्या आत आणि वेगळ्या लेयरवर फवारा.

हे दोन प्रकारे होतं. अल्फा लॉक लावला की त्या लेयरवरच्या पिक्सेलचा चौथा आकडा गोठतो. रंग बदलतो, आकार बदलत नाही. फोटोशॉपमध्ये लेयर निवडून तिरपी रेघ असलेली की दाबा, प्रोक्रिएटमध्ये लेयरवर दोन बोटं उजवीकडे सरकवा. हे झटपट आहे, पण फवारा मूळ रंगातच मिसळतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही.

दुसरा प्रकार क्लिपिंग. आकाराच्या लेयरवर नवा लेयर घ्या आणि तो खालच्याला क्लिप करा (फोटोशॉपमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि जी). आता वरच्या लेयरवर कुठेही फवारलं तरी दिसतं ते फक्त खालच्या आकाराच्या आत. बिघडलं तर तो लेयर पुसा, जड झालं तर त्याच लेयरची ओपॅसिटी ६० वर आणा. फवारणी झाल्यावरही जोर कमी-जास्त करता येणं, हा क्लिपिंगचा खरा फायदा.

क्रिटा वापरणाऱ्यांसाठी एक खाच सांगायलाच हवी. तिथे यासाठी ‘इनहेरिट अल्फा’ आहे आणि तो फक्त लगेच खालच्या लेयरचा आकार घेत नाही, त्याच ग्रुपमधल्या खालच्या सगळ्या लेयरचा एकत्र आकार घेतो. तळाशी पांढरा भरलेला बॅकग्राउंड असेल तर ‘आकार’ म्हणजे अख्खा कॅनव्हास ठरतो आणि काहीच कापलं जात नाही. म्हणून आकाराचा लेयर आणि फवाऱ्याचे लेयर एका वेगळ्या ग्रुपमध्ये टाका, बॅकग्राउंड बाहेर ठेवा.

## भरिताचं वांगं रंगवून पाहू

सरावाला भरिताच्या वांग्यासारखी दुसरी वस्तू नाही. यावल तालुक्यातल्या बामणोदकडचं हे मोठं, फिकट हिरवं वांगं. २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आकार साधा, साल गुळगुळीत, अंगावर पांढरट पट्टे आणि वर काटेरी देठ. फवाऱ्याचं बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका वस्तूत दिसतात.

कॅनव्हास २००० बाय २००० पिक्सेल घ्या. नव्या लेयरवर कडक ब्रशने, ओपॅसिटी १०० ठेवून, वांग्याचा बंद आकार काढा आणि भरा. रंग लाल १७६, हिरवा १९६, निळा १२८ असा धरू. भरल्यावर खाली भडक गुलाबी रंगाचा एक तात्पुरता लेयर ठेवा. कडेला किंवा आत कुठे छिद्र राहिलं असेल तर लगेच गुलाबी डोकावेल.

त्यावर क्लिप केलेला पहिला लेयर पांढरट पट्ट्यांचा. पट्टे वांग्याच्या गोलाईबरोबर वळले पाहिजेत, सरळ काढले तर वांगं सपाट होतं. हा लेयर सावलीच्या खालीच असायला हवा. सावलीच्या वर ठेवला तर अंधारातले पट्टेही उजेडातल्याइतकेच पांढरे राहतात आणि गोलाईचा आभास मोडतो.

त्याच्यावर सावलीचा लेयर, तोही क्लिप केलेला, मोड (वरचा रंग खालच्यात मिसळायची रीत) ‘मल्टिप्लाय’. मल्टिप्लाय म्हणजे वरचा आणि खालचा आकडा गुणून २५५ ने भागायचं. त्यामुळे पांढऱ्याने काहीच बदल होत नाही आणि बाकी कुठल्याही रंगाने खालचं गडदच होतं. हार्डनेस (कडेचा कडकपणा) ० असलेला स्प्रे ब्रश घ्या आणि व्यास वांग्याच्या रुंदीच्या निम्मा ठेवा, म्हणजे वांगं ११०० पिक्सेल रुंद असेल तर ५५० च्या आसपास. लहान व्यासाचा ब्रश घेऊन मोठी गोलाई करायला गेलं की डाग-डाग दिसतात, नवशिक्याचं काम तिथेच ओळखू येतं. ब्रशचा मध्य वांग्याच्या कडेच्या बाहेर ठेवून फवारा, म्हणजे आत फक्त विरळ बाजू येते. ओपॅसिटी ३५, दोन किंवा तीन फटकारे. बस.

सावली कडेपर्यंत एकसारखी गडद नेऊ नका. वांगं ताटात किंवा फरशीवर ठेवलेलं असतं, खालचा उजेड उसळून पोटाच्या कडेला लागतो. कडेलगत एक बारीक पट्टी मऊ खोडरबराने १५ टक्के पुसली की ती उजळते आणि वांगं गोल दिसायला लागतं.

आता चकाकी. इथे मात्र स्प्रे ब्रश बाजूला ठेवा. वांग्याची साल तुकतुकीत असते, तिच्यावरच्या उजेडाची कड स्पष्ट असते. सगळ्यात वरच्या लेयरवर कडक ब्रशने चकाकीचा लांबट आकार काढा आणि मग त्याची एकच बाजू मऊ खोडरबराने २०-३० टक्क्यांवर विरळ करा. चकाकीसुद्धा फवाऱ्याने दिली की साल पावडर लावलेल्यासारखी कोरडी होते. देठ वेगळ्या लेयरवर काढा. त्याची वांग्यावर पडलेली सावली देठाला चिकटते तिथे तीक्ष्ण आणि दूर जाताना मऊ असते, म्हणून तीही आधी कडक ब्रशने काढून नंतर दूरची बाजू विरळ करायची.

## काळा घेऊन सावली दिली तर काय बिघडतं?

आकड्यांनीच बघू. आपल्या वांग्यावर ४० टक्के काळा फवारला तर १७६, १९६, १२८ चे १०६, ११८, ७७ होतात. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात घटले. रंगाची जात तीच राहिली, फक्त उजेड काढून घेतला. त्यामुळे साल काळवंडलेली दिसते.

अंगणात ठेवलेल्या वांग्याचं तसं होत नाही. सावलीत ऊन पोचत नाही, पण आभाळाचा निळसर उजेड पोचतो, म्हणून तिथे निळा आकडा लालइतका घटत नाही. मल्टिप्लायसाठी काळ्याऐवजी १५०, १६०, १९० असा फिकट निळसर राखाडी घेतला, तर सावलीचा रंग १०४, १२३, ९५ येतो. लाल ४१ टक्के घटला, निळा फक्त २६ टक्के. सावली तेवढीच गडद आहे, पण तिच्यात हवा आहे. घरात पिवळ्या बल्बखाली रंगवत असाल तर हा रंग वेगळा निवडावा लागेल. सावलीत कुठला उजेड पोचतोय ते बघून ठरवायचं.

‘मळका’ रंग बहुतेकदा काळ्याने नव्हे तर नॉर्मल, म्हणजे नेहमीच्या टक्केवारीच्या, मोडमध्ये फवारलेल्या राखाडीने येतो. तो तिन्ही आकड्यांना एकमेकांजवळ ओढतो. दुसरं कारण म्हणजे विरुद्ध रंगांची मऊ गाठ. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा निम्मे-निम्मे मिसळले की १२८, १२८, ० असा गढूळ, अंधारा रंग मधे येतो. खरा प्रकाश मिसळला असता तर तो १८८, १८८, ० इतका उजळ आला असता. फरक पडतो कारण फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात लिहिलेले नसतात, डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात, आणि बहुतेक सॉफ्टवेअर त्या वाकवलेल्या आकड्यांचीच सरासरी काढतं. उपाय साधा आहे: पिकत आलेल्या मिरचीचा लाल-हिरवा सांधा रंगवताना मधे हाताने उजळ नारिंगी-पिवळ्याचा एक फटकारा द्या, दोन टोकांना आपोआप मिसळू देऊ नका.

## सातपुड्यावरचा धुरकटपणा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून उत्तरेला पाहिलं की सातपुड्याच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात. पारदर्शक लेयरची इतकी सरळ शिकवणी दुसरीकडे मिळणार नाही. मागून पुढे असे लेयर लावा: आभाळ, दूरची रांग, तिच्यावरचं धुकं, जवळची रांग, तिच्यावरचं धुकं, सगळ्यात पुढे केळीची बाग.

दोन्ही रांगा एकाच गडद रंगाने भरा, समजा ७०, ९०, ८०. फरक धुकं करेल. धुक्याचा रंग क्षितिजाजवळच्या आभाळातून उचला. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा तो निळा नसतो, धुळीचा पिवळट पांढरा असतो, साधारण २१४, २०६, १८८. पावसाळा सरताना हवा धुतलेली असते आणि तोच रंग निळसर होतो. सवयीने डोंगर निळे करणाऱ्यांचा उन्हाळा म्हणूनच खोटा वाटतो.

दूरच्या रांगेवर ६० टक्के धुकं दिलं की रंग १५६, १६०, १४५ येतो, जवळच्या रांगेवर २५ टक्के दिलं की १०६, ११९, १०७. फवारा पायथ्याकडून वर न्या. रांगेचा माथा आभाळावर स्वच्छ कापलेला राहू द्या आणि पायथा विरघळू द्या. म्हणून धुक्याचा प्रत्येक लेयर त्या-त्या रांगेला क्लिप केलेला हवा.

क्लिप नाही केला तर जवळच्या रांगेवरचं २५ टक्के धुकं दूरच्या रांगेवरही पडतं. तिथे आधीच ६० आहे. आता ८५ होईल असं वाटतं, पण खालचं उरतं ०.४ गुणिले ०.७५, म्हणजे ३० टक्के, आणि धुकं ७० टक्के होतं. दूरची रांग जवळजवळ नाहीशी होते आणि तुम्ही भलत्याच लेयरचा स्लायडर हलवत बसता.

पुढच्या केळीला धुकं देऊ नका. वाऱ्याने चिरलेल्या पानांच्या कडा कडक ठेवल्या की मागचं सगळं आपोआप दूर जातं.

## कडेला पांढरी किनार कुठून येते?

केळीचा घड पांढऱ्या कागदावर रंगवला, मॅजिक वाँडने (एकसारखा रंग एकदम निवडणाऱ्या साधनाने) पांढरं काढलं आणि लाल बॅनरवर ठेवला, की भोवती पांढरी रेघ दिसते. फवाऱ्याच्या किंवा मऊ ब्रशच्या कडेचा पिक्सेल निम्मा हिरवा असतो. तो पांढऱ्यावर रंगवला तेव्हा उरलेला निम्मा पांढरा त्याच्यात कायमचा मिसळला. वाँड पूर्ण पांढरे पिक्सेल काढतं, हे मिश्र पिक्सेल तसेच ठेवतं.

म्हणून घड पहिल्यापासून वेगळ्या पारदर्शक लेयरवर रंगवा. मग कडेच्या पिक्सेलमध्ये शुद्ध हिरवा आणि निम्मा अल्फा राहतो, तो कुठल्याही पार्श्वभूमीवर चालतो. किनार आधीच आली असेल तर लेयरला अल्फा लॉक लावून कडेवर घडाचाच हिरवा हलका फवारा. फोटोशॉपमध्ये लेयर मेनूत ‘मॅटिंग’खाली ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ही आहे.

फाइल देताना पीएनजी द्या. जेपीजीमध्ये चौथा आकडा नसतोच, त्यामुळे पारदर्शक जागा भरली जाते, बहुधा पांढऱ्याने. आणि देण्याआधी चित्राखाली एकदा काळा लेयर ठेवून बघा. मऊ ब्रशचा फवारा दिसतो त्यापेक्षा बराच दूर पसरलेला असतो. पांढऱ्यावर न दिसणारे दोन-तीन टक्क्यांचे डाग काळ्यावर लगेच दिसतात, आणि दुकानात त्याच चित्राला आउटलाइन किंवा शॅडो लावली की याच डागांभोवती वेडीवाकडी रेघ उमटते.

## आभाळात पट्टे दिसतात, तो छापणाऱ्याचा दोष का?

नेहमी नाही. साध्या ८-बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. आभाळ वरून खाली १९० पासून २१४ पर्यंत उजळत असेल आणि उंची २४०० पिक्सेल असेल, तर मधे २४ पायऱ्या आल्या, प्रत्येकी १०० पिक्सेलची. चित्र बॅनरएवढं मोठं झालं की या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. मऊ फवारा जितका मोठा आणि जितका हलका, तितका हा धोका जास्त.

क्रिटा किंवा फोटोशॉपमध्ये काम सुरू करतानाच १६-बिट निवडा, त्यात पायऱ्या कितीतरी जास्त असतात. शेवटी आभाळावर एक-दोन टक्के नॉइज (बारीक दाणे) द्या किंवा कणांचा स्प्रे अगदी विरळ फिरवा. पायऱ्यांच्या कडा त्याने मोडतात आणि छपाईत कण दिसतही नाहीत.

## हे सगळं मोबाइलवर जमेल का?

जमेल. आयबिस पेंटमध्ये एअरब्रश, क्लिपिंग, अल्फा लॉक, मल्टिप्लाय सगळं आहे. बोटाला दाब नसतो, एवढं धरून चालायचं. दाबाने होणारं काम ओपॅसिटी १५-२० वर ठेवून वेगवेगळ्या फटकाऱ्यांनी करा, दर फटकाऱ्याला बोट उचलून. मोठ्या ब्रशने अडखळत असेल तर मऊ ब्रशचं स्पेसिंग १५ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवा. मऊ छापांत फरक कळत नाही आणि काम हलकं होतं. कडक ब्रशला हे करू नका, रेघ गाठीगाठीची दिसते.

अडचण खरी येते ती मेमरीची. ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) ए-४ कागद म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आणि पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर एक पूर्ण भरलेला लेयर सुमारे ३५ एमबी. १० बाय ८ फुटांचं बॅनर ७२ डीपीआयला धरलं तर ८६४० बाय ६९१२ पिक्सेल, म्हणजे एका लेयरला २४० एमबीच्या घरात. मोबाइलवर हे उघडायचा हट्ट धरू नका. चित्र ए-४ वर रंगवा आणि बॅनरच्या फाइलमध्ये ते संगणकावर मोठं करून बसवा. मऊ फवारे मोठे केल्याने फारसे बिघडत नाहीत, बिघडतात त्या कडक कडा आणि अक्षरं. म्हणून अक्षरं बॅनरच्या फाइलमध्येच नव्याने टाका.

लेयर संपत आले तर मर्ज करावे, म्हणजे एकात एक मिसळून टाकावे लागतात. आधी फाइलची वेगळी प्रत ठेवा. मल्टिप्लायचा लेयर नेहमी ज्याला क्लिप केला आहे त्याच लेयरमध्ये मर्ज करा, म्हणजे दिसणं बदलत नाही. दोन मल्टिप्लाय लेयर आधी एकमेकांत मर्ज केले तर सावलीचा जोर बदलू शकतो, आणि तो का बदलला हे प्रत उघडून शेजारी ठेवल्याशिवाय सापडत नाही.